कुणीबी पळतं

माझा जन्म इथलाच, ह्या गंगापूर रोडच्या अंगाला. आता तुम्ही खुर्ची टाकून बसलाय ना, तिथं आमचा गुलाबाचा वाफा व्हता, आन ती समोर सहा मजली बिल्डिंग दिसती तिथं विहीर व्हती, तिचं पाणी उन्हाळ्यातबी कधी आटलं नाय. आम्ही मळेवाले, भाजी आन फुलं, बापाच्या बापापासनं. शाळा विचाराल तर दुसरीत मास्तरनं कान पिळला आन मी पाटी तिथंच टाकून घरी आलो, ते परत गेलोच नाय. आई रडली, बाप दोरी घेऊन मागं लागला, पार नदीपर्यंत मी पुढं आन बाप मागं, शेवटी बाप दमून बसला, मी नाय बसलो. असा मी. एकदा नाय म्हणलं की नाय. लोकं हेकट म्हणत्यात, म्हणू द्या, खोटं कुठं हाय त्यात.

सही करता येती, मुरलीधर एवढं लिहितो, पुढचं लिहायला लावू नका.

तर पळण्याचं मला लहानपणापासनं काय कौतुकच नव्हतं बघा. तांबडं फुटायच्या आत फुलं खुडायची, पाटी डोक्यावर घ्यायची आन फूलबाजार गाठायचा, सात-आठ किलोमीटर, पळतच, कारण ऊन चढलं की फूल मान टाकतं आन मग गिऱ्हाईक हात लावत नाय. पुढं सायकल आली तव्हा सुटका झाली. म्हंजे मी पोटासाठी पळालेला माणूस, आन पायात काय तर काय नाय. त्यामुळं कुणी पळून बक्षीस घेतंय म्हणलं की मला हसू यायचं. असं बोलून दाखवायचोबी. बोलणंच नडलं मला, ते सांगतो आता.

मला दोन पोरी. थोरली देवळाली कॅम्पला दिली, ती आपली शांत. धाकटी मंगल. मंगल नववीला असताना, नव्वद-एक्याण्णवचं साल असंल, शाळेत पळायला लागली. मला पत्ताच नाय. तिच्या आईला ठावं व्हतं, हौसाला, पण ती बोलली नाय, कारण बोलली असती तर मी काय केलं असतं हे तिला पक्कं माहीत व्हतं. पोरगी जिल्ह्यात पहिली आली. तीन हजार मीटर का काय म्हणत्यात त्यात. मग तिचे पी.टी.चे सर मळ्यात आले, सायकल बांधाला लावली, बाजेवर बसले, हौसानं चहा दिला. सर म्हणले, मंगलची राज्याला निवड झाली आहे, पुण्याला न्यायची आहे, तीन दिवस, बाई शिक्षिका सोबत आहेत, तुम्ही काळजी करू नका. मी म्हणलं कव्हा. सर म्हणले दसऱ्याच्या आदल्या दिवशी शर्यत आहे.

आता काय सांगू तुम्हाला, मळेवाल्याला दसरा म्हंजे काय ते मळेवाल्यालाच कळतं. झेंडू लावायचा तो त्या एका दिवसासाठी. दसऱ्याच्या आधी दोन दिवस तोड, घरातलं झाडून सगळं माणूस वाफ्यात, म्हातारी असो, पाहुणी असो, तापानं फणफणलेलं असो. दसरा झाला की त्याच फुलाला गाय तोंड लावत नाय. त्यात मंगलचा हात असा चालायचा की दोन बायांची तोड ती एकटी करायची. मी सरांना म्हणलं, तोड हाय, जमायचं नाय. सर म्हणले, दादा, असा पाय लाखात एखाद्या मुलीला असतो. तव्हा मी बोललो. मी म्हणलं, पळण्यात काय हाय सर, कुणीबी पळतं. कुत्रं मागं लागलं की तुम्ही बी पळताल. झेंडू तोडायला माणूस लागतं.

सर हसले नाय. चहाबी अर्धा ठेवला त्यांनी. मंगल दाराआड उभी व्हती, ते मला दिसत व्हतं आन तरी मी बोललो, हे मी तुमच्यापाशी कबूल करतो.

दोन दिवस पोरगी तोडीला व्हती. सगळ्यांच्या पुढची सरी तिची, मागं वळून पाह्यचं नाय, नुसता हात चालतोय. दसरा झाल्यावर सरांनी दिलेले पळायचे बूट पुसून फडक्यात बांधून स्वतः शाळेत जाऊन परत देऊन आली. त्यानंतर पळाली नाय. कधीच नाय. मी बी परत काय विचारलं नाय. बारावी झाली, दोन वर्षांनी चांदवडला दिली, जावई शाळेत शिपाई, घरची कांद्याची शेती, माणूस एक नंबर. मी म्हणायचो, बघा, काय नडलं का पोरीचं.

असं बारा-तेरा वर्षं गेली. मधे रोडला कॉलन्या आल्या, निम्मा मळा गेला, निम्मा राह्यला. मी पंचावन्नाच्या पुढं गेलो.

श्रावणात मी चांदवडला गेलो व्हतो मंगलकडं. संध्याकाळची येळ, टीव्हीवर कुठलीतरी परदेशातली शर्यत चालली व्हती, हजार माणूस पळतंय, रस्त्याच्या कडेनं लोकं टाळ्या वाजवतायत. जावई म्हणले, नाना, बेचाळीस किलोमीटर पळतात हे. आन मी, सवयच ती, म्हणलं, त्यात काय, कुणीबी पळतं.

मंगल भाकरी थापत व्हती. तिचा हात थांबला. पिठाच्या हातानंच उठून दारात आली आन मला म्हणली, मग पळून दाखवा ना नाना. बेचाळीस. कुणीबी पळतं ना, तुम्ही कुणीबीच आहात ना, दाखवा पळून.

जावई हसले, त्यांना वाटलं गंमत चाललीय. मला कळलं की गंमत नाय. तेरा वर्षांनी पोरगी पहिल्यांदा तोंडाला तोंड देत व्हती. मला राग आला पायजे व्हता, आला बी, आन रागातच मी म्हणलं, दाखवतो. मनात काय व्हतं ते बी सांगतो, लपवायचं कशाला. मला वाटलं मी पळून दाखवलं की माझं त्या सालचं बोलणं खरं ठरंल, मग पोरीच्या मनात काय असंल ते मिटंल. मी खरा ठरलो की सगळं मिटतं असं मला वाटायचं.

त्या साली आपल्या नाशकात बेचाळीसची शर्यत ठरली व्हती, महाशिवरात्रीच्या आदल्या रविवारी. रस्ता कुठला, तर आपलाच. गंगापूर रोडवरनं सुटायचं, धरणावरनं गिरणाऱ्याच्या पुढं जायचं आन त्याच वाटंनं परत यायचं. म्हंजे माझ्याच मळ्यावरनं जायचं आन यायचं. जावयानं फॉर्म भरला. सहा तासांच्या आत यायचं, नाय तर बाद, असं त्यात लिहिलेलं व्हतं. मी म्हणलं सहा तासांत मी दोनदा जाऊन येईन.

दुसऱ्या दिवसापासनं पाटाच्या रस्त्यानं पळायला लागलो. पहिल्या दिवशी दोन किलोमीटरात छातीचा भाता झाला, आंब्याच्या झाडाला धरून उभा राह्यलो. कुणाला सांगितलं नाय. कॅनव्हासचे बूट घेतले. धोतरात पळता येईना म्हणून जावयाची जुनी अर्धी चड्डी आणली. हौसा ती चड्डी बघून म्हणली, नातवंडं खेळवायच्या वयात चड्डी घालून रस्त्यानं पळताय, निदान टोपी तरी काढा, लोकांना वाटंल पुढारी येडा झाला. टोपी मी काढली नाय. ती माझ्या डोक्यावरनं मढ्याबरोबरच निघंल.

दिवाळीपर्यंत मी दहा-बारा किलोमीटरच्या पुढं जाईना. रोज पळायचो आन रोज तिथंच यायचो. भाऊबीजेला मंगल आली. मला पळून आल्यावर ओट्यावर पाय चोळताना पाह्यलं. म्हणली, नाना, असं रोज सारखंसारखं पळून तुम्ही बारा किलोमीटरचेच राहणार. सर आम्हाला शिकवायचे, लांब जायचं तर दमलेल्या पायानं पळायला शिकावं लागतं. ताज्या पायानं पळणं वेगळं, दमलेल्या पायानं पळणं वेगळं. तुम्ही आमच्याकडं या. यात्रा सुरू होतील आता. शनिवारी एका गावाला पळा, रात्री माझ्याकडं राहा, रविवारी दुसऱ्या गावाला पळा.

मी म्हणलं तू मला शिकवणार का आता. ती म्हणली, नाय शिकवत. मग तसंच बारा किलोमीटर पळा.

काय करता. गेलो.

आता तुम्हाला ह्या शर्यतींचं सांगायला पायजे. आमच्याकडं मार्गशीर्षापासनं गावोगाव यात्रा, कुठं खंडोबाची, कुठं देवीची, कुठं पिराचा उरूस, आन यात्रेत कुस्त्या असत्यात तशा पळायच्या शर्यतीबी असत्यात, दहा किलोमीटर, बारा किलोमीटर, एक म्हाताऱ्यांचा गट ठेवतात हसायला. नंबर आला की नारळ, टॉवेल, टोपी, कुठं कुठं स्टीलचा डबा. सरपंच फेटा बांधतो. मी शनिवारी सकाळी यष्टीनं निघायचो, कधी नांदगावच्या अंगाला, कधी मनमाडच्या पुढं, तिथं पळायचो, संध्याकाळी चांदवडला पोरीकडं मुक्काम, रविवारी तिकडचं दुसरं गाव, आन रविवारच्या शेवटच्या गाडीनं घरी. सोमवारी परत मळ्यात.

मंगलनं एकच सांगून ठेवलं व्हतं. शनिवारी जोर करायचा नाय, रविवारी थांबायचं नाय.

मी ऐकतो व्हय. पहिल्याच शनिवारी नांदगावकडच्या एका यात्रेत म्हाताऱ्यांच्या गटात सात जण, त्यातला एक रिटायर पोलीस, मिशीला पीळ, मला म्हणला, बाबा टोपी सांभाळा, उडंल. झालं. मी असा सुटलो की त्याला टोपीची सावलीबी दिसली नाय. पहिला आलो. फेटा, नारळ, टॉवेल. चांदवडला फेटा बांधूनच पोरीच्या घरात शिरलो. तिनं फेट्याकडं पाह्यलं आन म्हणली, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी देवीच्या यात्रेत दहा किलोमीटर व्हतं, चौथ्या किलोमीटरला माझ्या मांड्या लाकडाच्या झाल्या, मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आन तोच मिशीवाला माझ्या समोरनं गेला, जाताना म्हणला, बाबा टोपी सापडली का. तो बी शनिवार-रविवार पळणाराच निघाला.

चांदवडला घरी आल्यावर मंगलनं गरम पाण्याची बादली पुढं ठेवली. मी पाय सोडून बसलो. मग मीच म्हणलं, जोर नाय करायचा म्हंजे किती नाय करायचा. तव्हा तिच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी उजळलं बघा. खाली बसली आन बोटानं जमिनीवर रेघ ओढून सांगायला लागली, इथनं इथवर श्वास असा, मग असा, चढाला पाऊल बारीक टाकायचं, उताराला टाचेवर जोर द्यायचा नाय. सगळं पाठ व्हतं तिला. तेरा वर्षं तसंच ठेवलं व्हतं पोरीनं. मी तिचं बोलणं ऐकत व्हतो का तिचं तोंड बघत व्हतो, माझं मलाच ठावं नाय.

मग तसं करायला लागलो. शनिवारी सावकाश, नारळाचा मोह सोडून. पहिल्यांदा लय जड गेलं, माझ्या डोळ्यांदेखत मिशीवाला फेटा बांधून घ्यायचा. पण रविवारी मी त्याच्या पुढं असायचो, आन पोष-माघात तर असं झालं की शनिवारी मी ताजा पळायचो तसाच रविवारी दमलेला पळायचो. रविवारी पहिले दोन किलोमीटर पाय शिव्या देतात, तेवढं सोसलं की ते गप व्हतात. ही गोष्ट मला पोरीनं शिकवली. मिशीवाला पुढं मित्रच झाला, शेवटच्या शर्यतीला त्यानं त्याचा टॉवेल मला दिला, म्हणला नाशकाला घाम पुसायला ने.

एकंदर दहा का अकरा शनिवार-रविवार मी असा पळालो. एकदा तर शनिवारी बारा आन रविवारी वीस, रविवारचे वीस मंगलनं चांदवडच्या घाटाच्या बाजूला जावयाच्या गाडीवर बसून माझ्या मागनं येत मोजले. सगळं झालं. एक गोष्ट तेवढी राह्यली आन तिचा विचार मलाबी आला नाय, तिलाबी आला नाय.

माझी आई उभ्यानं पाणी पिऊ द्यायची नाय. लहानपणी उभ्यानं तांब्या तोंडाला लावला की पाठीत धपाटा. पाणी बसून प्यायचं, उकिडवं का व्हईना, बसून, सावकाश. जन्मात मी उभ्यानं पाणी प्यालेलो नाय. यात्रेच्या शर्यती दहा-बारा किलोमीटरच्या, त्यात मधे पाणी लागतच नाय. वीस पळालो तव्हा बी दोनदा बसलो असंल, ते मंगलला वाटलं दमून बसले.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सहाला सुटलो. सहाशे-सातशे माणूस, तरणी पोरं, साहेब लोकं, मिलिटरीवाले. टोपी घातलेला मी एकटा. हौसा आन मंगल मांडवात थांबल्या. मी शनिवारसारखा सुटलो, बिनजोराचा. पाच किलोमीटरवर पहिलं पाण्याचं टेबल. मी थांबलो, पेला घेतला, कडेला उकिडवा बसलो, पाणी प्यालो, पेला नीट टेबलावर ठेवला, पोरांना रामराम केला आन उठलो. पुढं आपला मळा. तिथं भाऊबंद सगळे तांब्या-पेला घेऊन उभे. चुलतभाऊ, त्याच्या सुना, शेजारचे. नाना आले, नाना आले. आता घरच्या माणसानं तांब्या पुढं केला तर नाय कसं म्हणायचं. बसलो. प्यालो. पुढच्या बांधावर दुसरा भाऊबंद, त्याच्याकडं नाय बसलो तर त्याला राग. बसलो. असं करत करत गिरणाऱ्याच्या पुढं जाऊन वळेपर्यंत मी आठ वेळा बसलो व्हतो. बसून उठताना मांडीला काय व्हतं ते तुम्हाला बसूनच कळंल, तीस किलोमीटर पळून बघा आन बसून बघा.

बत्तिसाव्या किलोमीटरला धरणाच्या अलीकडं ओढ्यावर एक मोरी हाय, तिथं माझा चुलतभाऊ भिका परत तांब्या घेऊन आलेला, मोटारसायकलवर, मुद्दाम माझ्यासाठी. बसलो. पाणी प्यालो. उठायला गेलो तर उठताच येईना. मांड्या अशा आवळल्या की वरवंटा. हात टेकला, तरी नाय. भिका म्हणला, धरू का. मागनं संयोजकांचं एक पोरगं सायकलवर आलं, म्हणलं, धरलं तर बाद होतील आजोबा, मागं गाडी येतीय, तिच्यात बसा, पुष्कळ पळालात. आन भिका म्हणला, बस नाना, हे काय कुणाचंबी काम हाय का, बत्तीस पळाला ते काय थोडं झालं.

हे काय कुणाचंबी काम हाय का. भिका साध्या मनानं बोलला. मला मात्र बाजेवर बसलेले सर दिसले, अर्धा चहा दिसला.

तेवढ्यात कुणी मोबाईल केला व्हता जावयाला, का भिकाच जाऊन सांगून आला, मला आता आठवत नाय, पण मंगल आली. जावयाच्या गाडीवरनं उतरली, माझ्यापास्नं दोन हातांवर उभी राह्यली. हात लावला नाय. म्हणली, नाना, काय झालं. मी म्हणलं, मंगल, उठता येत नाय. ती म्हणली, बसलात कशाला. मी म्हणलं, पाणी प्यायला. तिनं कपाळाला हात लावला. म्हणली, आहो नाना, पळताना कुणी बसतं का पाणी प्यायला. मी म्हणलं, तुझ्या आजीनं शिकवलंय. तिला हसू फुटलं, मलाबी, मांडीत कळ येतीय आन मी मोरीवर बसून हसतोय, सायकलवालं पोरगं आमच्याकडं बघत राह्यलं.

हसणं थांबलं तव्हा ती म्हणली, नाना, आतापर्यंत शनिवार होता. आता रविवार सुरू झाला. उठा.

मी गुडघा जमिनीला टेकला, दोन्ही हात मांडीवर रोवले, आन बाया दिवसभर खुरपून जशा सरीतनं उठतात, कंबर धरून, आधी बूड वर आन मग पाठ, तसा उठलो. कुणी हात लावला नाय. उभा राह्यल्यावर तिनं तांब्या पुढं केला. म्हणली, अजून दहा किलोमीटर आहेत, पुढं पाणी लागंल, आत्ताच सवय करा, उभ्यानं प्या. मी आभाळाकडं बघितलं, आईला मनातल्या मनात म्हणलं माफ कर, आन उभ्यानं पाणी प्यालो. छप्पन वर्षांत पहिल्यांदा. निम्मं शर्टावर सांडलं.

ते दहा किलोमीटर काय सांगू. पहिले दोन पाय शिव्या देत व्हते. मग गप झाले. मळ्यावर परत सगळे तांब्या घेऊन उभे, मी लांबूनच ओरडलो, उभ्यानं देणार असाल तर द्या, नाय तर सरका. सगळं मळ्याचं माणूस हसलं. ऊन चढलेलं. पळत व्हतो असं म्हणवत नाय, पण चालत नव्हतो एवढं नक्की.

पोचलो तव्हा बारा वाजून वीस मिनिटं. मांडव सोडत व्हते. कमान खाली पडलेली, एक माणूस टेबलाचे पाय दुमडीत व्हता. तो म्हणला, आजोबा, वेळ संपली, नाव लिहिता येणार नाही. दुसरा कुठला दिवस असता तर मी त्याच्या टेबलावर बसलो असतो आन नाव लिहिल्याशिवाय उठलो नसतो. त्या दिवशी भांडावंसं वाटलंच नाय. कमान जिथं व्हती तिथं दोन भोकं पडली व्हती जमिनीत, त्या भोकांच्या मधनं मी गेलो. पलीकडं हौसा उभी, डोळ्याला पदर, आन तोंड चालूच, म्हणली, सहा तासांत दोनदा येणार व्हते.

मंगल समोर आली. मी तिला म्हणलं, मंगल, कुणीबी नाय पळत गं.

ती म्हणली, काय.

मी म्हणलं, त्या साली सरांना मी बोललो व्हतो. ते चुकीचं व्हतं. कुणीबी नाय पळत. तुझ्यासारखं एखादंच पळतं.

माफी मागायची मला सवय नाय, मागता येत नाय, तेवढंच आलं तोंडातनं. ती जवळ सरकली. मग मिशीवाल्यानं दिलेला टॉवेल माझ्या गळ्यातनं काढला, माझं तोंड पुसलं आन म्हणली, एवढं बोलायला बेचाळीस किलोमीटर लागले नाना तुम्हाला. चांदवडला बसून बोलला असता तरी चाललं असतं. मी म्हणलं, तव्हा मला ठावं नव्हतं. ती म्हणली, हो, ते बी खरंच.

पुढच्या दसऱ्याचं सांगतो आन थांबतो. नांदगावच्या अंगाला बायकांची शर्यत ठेवली, खुल्या गटाची, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. जावयानं मला सांगितलं, मंगलनं नाय. मी चांदवडला निरोप पाठवला, शर्यतीला नाव दे. तिचा उलटा निरोप आला, नाना, तोडीला माणूस लागंल, मी तिकडंच येते. मी परत निरोप पाठवला, झेंडू उभा राहू दे. त्या साली मोगरा-गुलाब दोन्ही दगावले व्हते, झेंडूवरच सगळं व्हतं. हौसा आन दोन बाया जेवढं तोडतील तेवढं. निम्मा वाफा दसऱ्याला उभा राह्यला, पिवळा धमक, सगळ्या कॉलनीनं पाह्यला. भाऊबंद म्हणले, मुरलीधर म्हातारा झाला. माझ्या मळ्यात जन्मात असं झालं नव्हतं. मी यष्टीत बसून नांदगावला गेलो, मंगलचे नवीन बूट पिशवीत घेऊन. ती पाचवी आली. चौदा वर्षांनी पळून पाचवी. आल्यावर मी पाणी दिलं, ती बसून प्यायली. मी म्हणलं, अगं उभ्यानं पी. ती म्हणली, शर्यत संपली नाना, आता आजीचं ऐकते.

आता माझं वय काढू नका. दोन गुंठे राह्यलेत, त्यात झेंडूच लावतो, दुसरं काय झेपत नाय. मंगल तिकडं शाळेतल्या पोरींना सकाळी पळवती, पगार-बिगार काय नाय, जावईच मैदान आखून देतात. दसऱ्याच्या आधी कुणा पोरीचा बाप नाय म्हणत असला तर ती मला फोन करती, म्हणती, नाना, तुम्ही बोला त्यांच्याशी. मग मी चांदवडला जातो, त्या माणसाच्या बाजेवर बसतो, सगळी गोष्ट सांगतो, तुम्हाला सांगितली तशीच. कुणी ऐकतं, कुणी नाय ऐकत. नाय ऐकलं तरी मी चहा पुरा पितो आन परत जातो, मी बी हेकटच हाय.

तुमचं लिहून झालं असंल तर आतनं तांब्या आणायला सांगतो. ऊन लय हाय, लांब जायचंय तुम्हाला. पाणी पिऊन जा. बसून प्या.